मालवाहू पिकअप गाडीची विद्युत्‌यंत्रणा : दोष कसा शोधावा

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे गाव पूर्वी हुमनाबाद तालुक्यात मोडत असे. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग जवळूनच, हुमनाबाद आणि मन्नाएखेळीवरून जातो. या परिसरातील तूर, मूग, उडीद, सोयाबीन, आले आणि भाजीपाला हा माल बाजारपेठेत पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाड्या व मोठे ट्रक करीत. आज त्यातील फार मोठा वाटा छोट्या पिकअप गाड्यांनी उचलला आहे. माल रात्री भरावयाचा, पहाटे निघावयाचे आणि सौदे सुरू होण्यापूर्वी बाजारात उभे राहावयाचे, असा हा व्यवसाय आहे. पहाटे चावी फिरविल्यावर गाडीतून केवळ ‘टक्’ असा आवाज आला, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. भाजीपाला असेल, तर मालही जातो.

अशा प्रसंगी बहुतेक चालक एकच निष्कर्ष काढतात : बॅटरी गेली. मग उसनवारी करून नवी बॅटरी आणली जाते आणि पंधरा दिवसांनी तीही ‘जाते’. मूळ दोष बॅटरीत नव्हताच, तो तिला भारित करणाऱ्या यंत्रात अथवा एखाद्या सैल तारेत होता, हे पैसे खर्च झाल्यावर उमगते. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची रीत चालकाने व मालकाने स्वतः जाणून घेणे अगत्याचे आहे. तिला लागणारे साहित्यही थोडे आहे : एक साधा मल्टिमीटर, दोन पाने, तारेचा ब्रश आणि थोडा खाण्याचा सोडा.

गाडीच्या विद्युत्‌यंत्रणेचे तीन मुख्य भाग मानता येतात. बॅटरी वीज साठविते. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरविणारी मोटर, ती वीज एकदम ओढते. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर पट्ट्याच्या साहाय्याने फिरून खर्च झालेली वीज भरून काढतो. शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये तयार केली. मोटारीला विजेचा सेल्फ मात्र पन्नासेक वर्षांनी आला. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बनविलेला सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम बसविण्यात आला. तोपर्यंत पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण निम्मे गैरसमज तिच्यापाशीच निर्माण होतात. समोरचे दोन्ही दिवे मिळून साधारण दहा अँपिअर वीज घेतात. डिझेल पिकअपचा सेल्फ इंजिन फिरविताना दोनशे अँपिअरहून अधिक वीज ओढतो. म्हणजेच दिवे लागले, हॉर्न वाजला, यावरून बॅटरी धडधाकट आहे असे सिद्ध होत नाही. सैल किंवा गंजलेल्या जोडणीतून दिव्यापुरती वीज सहज जाते. सेल्फला लागणारा लोंढा तेथेच अडतो.

याच गोष्टीचा उपयोग करून, कोणतेही उपकरण हाती नसताना पहिली परीक्षा घेता येते. समोरचे दिवे लावावेत व एका माणसाला त्यांकडे पाहावयास सांगून चावी फिरवावी. दिवे मुळातच मंद असतील, तर बॅटरी रिकामी आहे. आधी प्रखर असलेले दिवे चावी फिरविताच विझण्याच्या बेतात आले, तर बॅटरी दुबळी आहे किंवा तिच्या टोकांची जोडणी खराब आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फने हूं की चूं केले नाही, तर दोष बॅटरीत नसून चावीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा सेल्फपर्यंत जाणारी तार यांत शोधावा. सेल्फ इंजिनाला जोराने फिरवीत आहे, पण इंजिन पेट घेत नाही, असे असेल तर बॅटरीस दोष देण्याचे कारण नाही. डिझेल, हवा किंवा हीटर प्लग यांकडे पाहावे. कोणत्याही स्थितीत सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि पुन्हा मारण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे.

यानंतर मल्टिमीटर. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. बॅटरीत सहा घट असतात व पूर्ण भारित घटाचा दाब सुमारे 2.1 व्होल्ट असतो, म्हणून 12.6 व्होल्ट आढळल्यास बॅटरी भरलेली समजावी. 12.2 म्हणजे सुमारे निम्मी आणि 11.9 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरे मोजमाप सेल्फ मारताना घ्यावे. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळी 9.6 व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी बहुधा आतून निकामी झाली आहे. तिसरे मोजमाप इंजिन चालू असताना घ्यावे. 13.8 ते 14.5 व्होल्ट असल्यास अल्टरनेटर आपले काम करीत आहे. आकडा बारावरच रेंगाळत असेल, तर बॅटरी भरली जात नाही. प्रथम पट्टा सैल आहे काय ते पाहावे, मग जोडण्या पाहाव्यात आणि त्यानंतरच अल्टरनेटर उघडण्याचा विचार करावा. पंधराच्या वर आकडा गेल्यास नियंत्रक बिघडला आहे. अशा गाडीच्या बॅटरीतील पाणी वारंवार आटते, आणि ‘ऊन फार आहे’ असे म्हणून चालक स्वतःचे समाधान करून घेतो.

अर्थिंगकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड तार चेसिसला व इंजिनाला जोडलेली असते. सेल्फने घेतलेली सारी वीज याच वाटेने परत येते. शेतरस्त्यांवरील चिखल, धूळ आणि हादरे यांमुळे या तारेचा बोल्ट सैल होतो व त्याखाली गंज धरतो. सेल्फ मारताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर वीज त्या वाटेत वाया जात आहे. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग ब्रशने चकचकीत करावेत व पुन्हा घट्ट आवळावेत. काही हजारांच्या नव्या बॅटरीचे काम अनेकदा हा एक बोल्ट करून जातो. बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटीही कोमट पाण्यात कालवलेल्या सोड्याने धुऊन काढावी आणि नंतर थोडे ग्रीस लावावे. सोड्याचे पाणी घटाच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये.

रात्री ठीक असलेली बॅटरी दोन दिवस उभे राहिल्यावर उतरत असेल, तर वीज चोरपावलांनी कोठेतरी जात आहे. पिकअपवर सजावटीचे दिवे, जादा हॉर्न आणि गाण्याचे यंत्र बसविण्याची हौस सर्वत्र आहे. या हौसेबद्दल तक्रार नाही. परंतु फ्यूजविना मूळ तारेला जोड मारून दिलेली वीज दोन प्रकारे घात करते. अर्धा अँपिअर वीज सतत वाहत राहिली, तर दिवसाला बारा अँपिअर-तास जातात. म्हणजे साठ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होते. शिवाय अशी तार घासली गेल्यास आग लागू शकते. जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तारेचा तुकडा घालणे हाही तितकाच घातक प्रकार होय.

जुने मिस्त्री अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहतात. डायनामोच्या काळात ही रीत खपून गेली. आजच्या अल्टरनेटरमध्ये डायोड असतात आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. बॅटरी एकाएकी अलग होताच दाब क्षणभर फार उंच उसळतो व हे दोन्ही जळू शकतात. धक्का मारून गाडी सुरू करण्याचेही तसेच आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला तो लागू पडे. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेलेली असेल, तर कितीही धक्के मारले तरी ती पेट घेणार नाही.

दुसऱ्या गाडीची वीज घेताना, ती गाडी बारा व्होल्टची आहे याची खात्री करावी. महामार्गावर मदतीस थांबणाऱ्या मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा चोवीस व्होल्टची असते. ती पिकअपला जोडणे म्हणजे तिचे नियंत्रक जाळणे होय. प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके लाल तारेने जोडावीत. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये एवढाच यामागील हेतू आहे. बॅटरीपाशी विडी किंवा काडी पेटवू नये, हे त्याच कारणाने. बॅटरी काढताना ऋण तार प्रथम व बसविताना सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा. हातातील कडे व अंगठी आधी उतरवून ठेवावी.

पाणी भरावयाचे ते ऊर्ध्वपातितच असावे. विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांवर बसतात. घरातील फिल्टरच्या पाण्यातही ते थोडेफार उरतातच. बिदरच्या पठारावरील एप्रिल-मेचे ऊन बॅटरीचे आयुष्य खाते, पण तिचा दुबळेपणा उघड होतो तो डिसेंबरच्या गार पहाटे, ऐन तुरीच्या काढणीत. हंगाम संपल्यावर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल, तर बॅटरी भारित करून ऋण तार काढून ठेवावी. रिकामी ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही.

निकामी बॅटरी भंगारात फोडू देऊ नये. तिच्यातील शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते व आम्लाने जमीन नासते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी, तिचे पैसे किमतीतून वळते होतात. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास तो भाग भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा व डोळ्यांच्या बाबतीत त्वरित दवाखाना गाठावा.