कान फुटणे : कारणे व उपचार

पावसाळा लागला की निपाणी-बेळगावकडे घरोघरी पडसे-खोकला येतो आणि त्यामागोमाग एखाद्या मुलाचा कान ठणकू लागतो. पुढे कानातून पू वाहतो, ठणका थांबतो आणि घरची माणसे निश्चिंत होतात. ही निश्चिंतता योग्य नव्हे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

कानाच्या पडद्याआड जी लहानशी पोकळी आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. तेथून एक नलिका नाकामागे घशात उतरते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याचे नाव तिला मिळाले आहे. मुलांमध्ये ही नलिका आखूड व काहीशी आडवी असते. पडशाने ती सुजून बंद झाली की मध्यकर्णात द्रव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि पुवाच्या दाबाने पडदा फाटतो. यालाच आपण ‘कान फुटणे’ म्हणतो. घरातील बिडी-सिगारेटच्या धुरानेही हा विकार बळावतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत वडीलधाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आता उपचारांकडे वळू. पुष्कळदा साधा ठणका वेदनाशामक औषधाने दोन-तीन दिवसांत शमतो. जंतुनाशक औषध हवे की नको, हे डॉक्टरांनी कान तपासून ठरवावयाचे असते. ते दिल्यास मात्र मात्रा पूर्ण घ्यावी. फाटलेला पडदा बहुधा आपोआप सांधतो. परंतु कान दोन आठवड्यांहून अधिक वाहिला, तर तज्ज्ञाला दाखविलेच पाहिजे. तेल, लसणाचा रस वा काडी कानात मुळीच घालू नये. कान कोरडा राखावा. तोपर्यंत नदी-विहिरीत पोहणे वर्ज्य. पडद्याचे भोक न बुजल्यास शस्त्रक्रियेने ते बुजविता येते. बेळगावात १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. जिल्हा रुग्णालयही तेथेच आहे. तेव्हा त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. न्यूमोकॉकस हा या रोगाच्या प्रमुख जंतूंपैकी एक. त्यावरील लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात बालकांना विनामूल्य मिळते.

कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, भोवळ वा तोंड वाकडे होणे ही लक्षणे दिसताच मात्र क्षणाचाही विलंब नको. रोग हाडात वा मेंदूकडे पसरत असल्याची ती खूण होय.

विद्यार्थिमित्रहो, वाहता कान ऐकणे हळूहळू हिरावून घेतो. हाक मारूनही ओ न देणारा सोबती दरवेळी बेफिकीरच असतो असे नाही. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. त्याला हसण्यापूर्वी ही गोष्ट त्याच्या घरी किंवा गुरुजनांना कळवा. दुखत्या कानाकडे कानाडोळा करू नये, एवढेच आमचे सांगणे.