रोमच्या पोस्टिंगमधली निळी पिशवी

तो माणूस अगदी सभ्य दिसत होता. पन्नाशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफीचा कप. नेपल्सहून रोमला परतताना आम्ही महामार्गावरच्या एका पंपाशी थांबलो होतो. मुलं आत दुकानात गेली होती. त्याने काचेवर टकटक केली आणि मागच्या उजव्या चाकाकडे बोट दाखवलं. हे उतरले, पाठोपाठ मीही उतरले. टायरमध्ये खरंच बोटभर चीर पडली होती. आम्ही दोघं वाकून ती बघत होतो, तेवढ्यात पलीकडच्या बाजूने गाडीचं दार कुणीतरी उघडलं आणि माझ्या सीटखालची निळी पिशवी नेली. आवाज झाला नाही. मान वर केली तेव्हा कॉफीवाला माणूसही तिथे नव्हता.

पिशवीत आमच्या चौघांचे पांढरे सरकारी पासपोर्ट होते आणि इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली चार ओळखपत्रं होती. ह्यांचं लष्करी ओळखपत्र तेवढं खिशात होतं, म्हणून वाचलं.

हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. रोमच्या भारतीय दूतावासात संरक्षण विभागात ह्यांची तीन वर्षांची पोस्टिंग आली, तेव्हा साताऱ्याकडच्या आमच्या घरी पेढे वाटले गेले. अशी पोस्टिंग पलटणीतल्या फार थोड्यांच्या वाट्याला येते. आता आमच्यामागून इथे किंवा पॅरिस-बर्लिनला येणाऱ्या कुटुंबांचे फोन येतात. वहिनी, फिरायला कुठे कुठे जायचं, हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर मी शेवटी देते. आधी त्या पिशवीबद्दल सांगते.

चीर चोरांनीच पाडलेली असते. गाडीवर परक्या शहराची नंबरप्लेट दिसली, भाड्याची गाडी वाटली किंवा मागच्या सीटवर बॅगा दिसल्या की ते हेरतात. कुणी टायर दाखवला, तेल गळतंय म्हणाला, रस्त्याचा नकाशा पुढे धरून पत्ता विचारला, तर दोघांनी एकदम उतरू नये. एकाने आत बसायचं, दारं आतून लावलेली हवीत आणि गाडी बंद केलीच तर किल्ली हातात हवी. टायर बसलाच असेल तरी हळू हळू शंभर-दोनशे मीटर पुढे, जिथे माणसं आणि उजेड आहे तिथे न्या. रिम खराब झाली तर होऊ दे, ती पैशात भरून येते.

सरकारी पासपोर्टाचं तसं नाही. आम्ही ११२ ला फोन लावला, मग काराबिनिएरी पोलिसांच्या चौकीत गेलो. तिथे जी लेखी तक्रार नोंदवतात तिला देनुन्चा म्हणतात. तिच्या शिक्क्याच्या प्रतीशिवाय पुढचा एकही कागद हलत नाही. रात्री दहा वाजेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. हे साहेबांना फोनवर घडलेलं सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. पुढे लेखी खुलासा, चौकशी, नवे अर्ज. पासपोर्ट पुन्हा हातात यायला सात आठवडे गेले. पॅरिसची सहल, हॉटेल, तिकिटं सगळं बुडालं. त्या पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे, की अठरा वर्षांच्या नोकरीत ह्यांना कधी खुलासा द्यावा लागला नव्हता.

म्हणून आता आमच्या घरात नियम आहे. इटलीतल्या इटलीत फिरताना ओळखपत्र अंगावर, पासपोर्ट घरी कपाटात. सीमा ओलांडायची असेल तर माझा आणि थोरलीचा पासपोर्ट माझ्याकडे, ह्यांचा आणि धाकट्याचा ह्यांच्याकडे, शर्टाच्या आतल्या पट्ट्यात. सगळं एका पिशवीत कधीच नाही. प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये आहे आणि एक छापील संच घरी ठेवलेला आहे. नेमणुकीचं ठिकाण (स्टेशन) सोडायची परवानगी तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. जायचे दिवस, ठिकाण, हॉटेलचा पत्ता त्यात असू द्या. आमच्याकडे तो कागद होता, म्हणून चौकशीत आमची बाजू निदान सरळ राहिली.

गाडीचंही सांगते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातून निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. तो एकच वर्ष चालतो, हे ध्यानात ठेवा. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि झेड टी एल अशी अक्षरं. खाली कधीकधी दिव्यांच्या अक्षरात ‘वार्को आत्तिवो’ उमटतं. आत्तिवो म्हणजे चालू, हे ह्यांना ठाऊक होतं. फाटक चालू आहे, म्हणजे रस्ता खुला आहे, असं समजून ह्यांनी फ्लॉरेन्समध्ये गाडी आत घातली. चालू होता तो कॅमेरा. रस्ता बंद होता. हॉटेल शोधताना त्याच गल्लीतून आम्ही तीनदा गेलो. पाच महिन्यांनी तीन वेगवेगळे दंड आले, आणि त्याआधीच भाड्याच्या गाडीवाल्यांनी आमचा पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापले होते. हॉटेल जुन्या गावात असेल तर आधी फोन करा, गाडीचा नंबर ते पोलिसांकडे कळवू शकतात का ते विचारा. नाहीतर गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून बस धरा. आणि दंड आलाच तर पाकीट बाजूला ठेवू नका, पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट मिळते.

रेल्वेत प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. नुसतं तिकीट काढलं की झालं, असं समजू नये.

आता फिरण्याबद्दल. पहिल्या दोन वर्षांत आम्ही सात देश केले. केले हाच शब्द आम्ही वापरत होतो. रोमहून इंटरलाकेन साधारण नऊशे किलोमीटर. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस गाडीत गेले. गोथार्डचा बोगदा सतरा किलोमीटरचा, आणि उन्हाळ्यात त्याच्या तोंडाशी लागणारी रांग त्याहून जीव खाणारी. स्विस महामार्गाचा चाळीस फ्रँकचा परवाना वर्षभराचा घ्यावाच लागतो, तुम्ही दोन दिवस जा की दोनशे. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ बघायला गेलो. तिथे पंधरा मिनिटांसाठी थोड्या थोड्या माणसांना आत सोडतात आणि जागा कितीतरी आधी भरलेल्या असतात. दारावरून परत आलो. थोरलीने त्या चित्रावर शाळेत प्रकल्प केला होता. ती काही बोलली नाही, पण परतीच्या वाटेत खिडकीकडे तोंड करून बसली. एकदा संकेतस्थळ उघडून बघितलं असतं, चार आठवडे आधी जागा धरली असती, तर तिचा तो दिवस वाया गेला नसता. लूव्र मंगळवारी बंद, उफीझी सोमवारी बंद. सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी हे बघून ठेवा, कारण फौजेत मंजूर झालेली सुट्टी एक दिवसाने पुढे सरकवणं किती अवघड, ते तुम्हाला सांगायला नको.

पासपोर्ट गेले आणि सात आठवडे देशाबाहेर पडता येईना. एका रविवारी हे म्हणाले, चल, मोन्तोनेला जाऊ.

बेळगावला प्रशिक्षणाला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी यशवंत घाडगे हे नाव ऐकलं होतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर चालून गेले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा हातातली टॉमीगन उलटी धरून लढले, आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना मारलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या लढाईत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी सैनिकांचे. दोन वर्षं त्याच टायबरच्या काठावर राहून, पुलावरून रोज ये-जा करून, आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो.

मोन्तोने हे उंब्रियातलं टेकडीवरचं छोटं गाव. २०२३ मध्ये तिथे घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. गावातल्या एका आजींनी आम्हाला वाट दाखवली. ह्यांनी छातीवर हात ठेवून ‘मराठा’ एवढंच म्हटलं, तेव्हा त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. खाली खोरं हिरवंगार होतं, सूर्यफुलांची शेतं, मधून नदी.

घाडग्यांचा देह सापडला नाही. त्यांचं नाव आहे कासिनोला, युद्धसमाधींच्या मधोमध असलेल्या स्मारकावर. पुढच्या रविवारी तिथे गेलो. वर डोंगरावर मठ, खाली पांढऱ्या दगडांच्या ओळी. इथे जाणार असाल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आधीच नाव शोधून त्याच्या पाटीचा क्रमांक लिहून न्या. आम्ही नेला नव्हता. चार हजारांवर नावं आहेत, आणि आपली नावं जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहेत, यशवंतचं येशवंत झालंय, मराठाचं महरट्टा. ऊन चढलं तरी आम्ही चौघं चार बाजूंनी वाचत होतो. थोरली एकेक नाव मोठ्याने उच्चारत होती, अडखळत, मग दुरुस्त करून. हाक मारल्यासारखी. धाकट्याला आपल्या वर्गातल्या मुलाचं आडनाव सापडलं, तेव्हा तो धावत सांगायला आला.

घाडग्यांचं नाव थोरलीलाच सापडलं. ह्यांनी चप्पल काढून ठेवली आणि सावधानमध्ये उभे राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, त्या इथे कधी आल्या होत्या का गं? मला सांगता आलं नाही. आमच्या हातात फूलसुद्धा नव्हतं. तिने केसांतली रिबीन सोडली आणि पाटीच्या पायाशी एका छोट्या दगडाखाली ठेवली.

तर कुठे जायचं, असं विचारणाऱ्यांना मी आधी हे दोन रविवार सांगते. पॅरिसला असाल तर उत्तरेकडे न्यूव्ह शापेल आहे, तिथे पहिल्या महायुद्धातल्या चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. बेल्जियममध्ये ईप्रच्या मेनिन गेट या युद्धस्मारकाखाली रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो, तो ऐकायला मुलांना जागं ठेवा. आल्प्स बघा, व्हेनिस बघा, जरूर बघा, पण ही ठिकाणं पोस्टिंगच्या शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका. शेवटचा महिना पेट्या बांधण्यात जातो.

९ एप्रिल १९४५ ला इटलीतच सेनियो नदीकाठी ह्यांच्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पाठीवर वाहून आणलं होतं. येत्या एप्रिलमध्ये तिथे जायचं आहे. ह्यांनी अर्ज आत्ताच टाकलाय, आणि फुलं रोममधूनच न्यायची असं थोरलीने वहीत लिहून ठेवलंय.