सेप्टिक टाकीची निगा : वेळेवर उपसा हीच जिवाची हमी

ठाणे जिल्ह्यातील काशी आणि मीरा या दोन गावांवरून काशीमीरा हे नाव रूढ झाले. 1985 मध्ये परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. 2002 मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. महामार्गावरील अशा वेगाने वाढणाऱ्या वस्त्यांत भुयारी गटाराआधी घरे उभी राहतात. जेथे गटाराची जोडणी नसते तेथे चाळ, शाळा वा सोसायटी यांची भिस्त सेप्टिक टाकीवरच असते. टाकी जमिनीखाली असल्याने ती तुंबेपर्यंत तिची आठवण होत नाही. मग घाईघाईने माणूस आत उतरविला जातो आणि अनर्थ ओढवतो.

टाकीचे कार्य

टाकीत मैल्याचे तीन थर होतात. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. हवेविना जगणारे सूक्ष्म जंतू गाळाचे विघटन करतात. तथापि सर्व गाळ नाहीसा होत नाही. तो साचत गेला की मैला पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषखड्डा बुजतो आणि जवळच्या विहिरीचे पाणी दूषित होण्याचा धोका वाढतो. म्हणून साधारणतः दर 2 ते 3 वर्षांनी टाकी उपसावी. उपसताना थोडा गाळ तळाशी ठेवावा, म्हणजे जंतूंचे कार्य खंडित होत नाही. तीव्र आम्ले व जंतुनाशके यांचा अतिरेकी वापर टाळावा. वायुनलिका मोकळी व झाकण घट्ट असावे. उपसा पावसाळ्यापूर्वी करणे इष्ट.

अदृश्य धोका

विघटनातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असून त्याचे प्रमाण वाढताच घ्राणेंद्रिय बधिर होते. त्यामुळे 'आता वास येत नाही' ही सुरक्षिततेची खूण नव्हे. झाकण काही वेळ उघडे ठेवल्यानेही टाकी निर्धोक होत नाही. आत कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही बहुधा बळी पडतो. अशा वेळी कोणीही आत न उतरता अग्निशमन दलास पाचारण करावे.

कायदा व कर्तव्य

2013 च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षक साधनांविना कोणासही सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास 2 वर्षांपर्यंत कारावास, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारातील मृत्यूंबाबत कुटुंबास 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी दिला. परंतु भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. खरा उपाय आधीच्या नियोजनात आहे.

सातारा जिल्ह्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता दर 3 वर्षांनी टाक्या उपसण्याची पद्धत स्वीकारली आणि गाळावर प्रक्रिया करण्याची व्यवस्थाही केली. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील टाक्यांची नोंदवही ठेवावी. तीत मागील उपशाची तारीख लिहावी. शाळेच्या टाकीची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवावी. उपसा यांत्रिक गाडीनेच व्हावा आणि गाळ नाल्यात वा खाडीत न टाकता प्रक्रिया केंद्रातच पोहोचावा. वेळेवर आलेल्या गाडीमुळे माणसाला आत उतरविण्याची वेळच येत नाही.