3.4 मोठ्या बॅकअपची दुसऱ्या डिस्कवर प्रत करणे

हस्तलिखितांच्या नकला होताना पाठभेद कसे शिरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणाने. संगणकीय संग्रहाची प्रत करतानाही विश्वसनीयतेचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो.

3.4.1 हार्ड लिंकचे महत्त्व

अनेक बॅकअप-प्रणालींमध्ये न बदललेली फाइल दररोज नव्याने साठवली जात नाही. आधीच्याच मजकुराला आणखी एक नाव जोडले जाते. या जोडणीस ‘हार्ड लिंक’ म्हणतात. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या 200 गिगाबाइट संग्रहाचे 30 दिवसांचे बॅकअप आहेत. फाइली फारशा बदलल्या नसतील, तर ते सर्व मिळून 200 गिगाबाइटपेक्षा थोडीच अधिक जागा व्यापतात. मात्र प्रत करताना या जोडण्या तुटल्या, तर प्रत्येक नावाची स्वतंत्र फाइल होते आणि सुमारे 6000 गिगाबाइट जागा लागते. म्हणून मजकुराबरोबर फाइलींमधील संबंधही जतन होणे आवश्यक असते.

3.4.2 प्रत करण्याच्या पद्धती

(अ) फाइलवार प्रत : ‘आरसिंक’ ही आज्ञावली हार्ड लिंक आपोआप राखत नाही; त्यासाठी ‘एच’ हा पर्याय द्यावा लागतो. तेव्हा एकाहून अधिक नावे असलेल्या फाइलींची नोंद तिला स्मृतीत ठेवावी लागते. फाइली कोट्यवधी असतील, तर हे काम अतिशय मंदावते.

(आ) खंडवार प्रत : ‘डीडी’ ही आज्ञावली फाइलींचा विचार न करता संपूर्ण विभाग जसाच्या तसा उतरवते. त्यामुळे जोडण्या अबाधित राहतात. मात्र नवी डिस्क तेवढीच किंवा अधिक मोठी हवी आणि प्रत होत असताना मूळ फाइल सिस्टीम वापरात नसावी. रिकामी जागाही उतरवली जाते. सेकंदाला 150 मेगाबाइट वेगाने 4 टेराबाइटच्या विभागास सुमारे साडेसात तास लागतात. मुळातील दोषही प्रतीत उतरत असल्याने फाइल सिस्टीम आधी तपासून घ्यावी.

3.4.3 पडताळणी

प्रत पूर्ण होणे म्हणजे ती विश्वसनीय असणे नव्हे. मूळ व प्रत यांचे चेकसम ताडून पाहावेत आणि काही फाइली प्रत्यक्ष उघडून वाचाव्यात. तोपर्यंत मूळ डिस्क पुसू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. हार्ड लिंक तुटल्यास प्रतीला अधिक जागा का लागते?
2. फाइलवार व खंडवार प्रतींची तुलना करा.