लहान दंत-प्रयोगशाळेसाठी दाबयंत्राची निवड

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांच्या गावी आता दंतवैद्यांचे दवाखाने आढळतात. त्यांच्यासाठी कवळ्या, कॅपा व तारेची उपकरणे तयार करणाऱ्या लहान प्रयोगशाळाही जागोजागी उभ्या राहिल्या आहेत. मात्र पारदर्शक प्लास्टिकचे काम आले की दातांचा प्लास्टरचा नमुना पुष्कळदा हैदराबाद किंवा सोलापूरकडे रवाना होतो. यात केवळ पैसा बाहेर जातो असे नव्हे. वाकडे दात सरळ करून तारा काढल्या की दात पुन्हा आपल्या मूळ जागी सरकू पाहतात. त्यांना धरून ठेवणारे आवरण, म्हणजे रिटेनर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तोंडात बसणे इष्ट असते. नमुना बसने जाऊन आवरण परत येईपर्यंत दात हलले, तर ते आवरण घट्ट होते वा बसतच नाही आणि वर्ष-दोन वर्षांच्या उपचाराचे फळ धोक्यात येते.

असे आवरण करण्याची कृती समजण्यास सोपी आहे. प्लास्टिकची चकती तापवून मऊ करावयाची, नमुन्यावर दाबावयाची आणि थंड झाल्यावर कापून घ्यावयाची. बिद्रीचे ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या बीदरच्या कारागिराला साच्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. निर्वात पद्धतीने असे दंत-उपकरण करण्याची रीत अमेरिकेतील डॉ. हेन्री नाहूम यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. पुढे १९९३ मध्ये डॉ. जॉन शेरिडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ पारदर्शक रिटेनर प्रचारात आणला.

यंत्रे दोन जातींची असतात. निर्वात यंत्र खालून हवा ओढून घेते व वरची वातावरणातील हवा चकतीला नमुन्यावर दाबते. दाबयंत्र वरून कॉम्प्रेसरची हवा सोडते. पहिले स्वस्त, दुसरे महाग. या दोहोंतील फरक आकड्यांनी पाहिला म्हणजे तो नीट ध्यानात येतो. निर्वात यंत्राला वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाब कधीच मिळू शकत नाही. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे ते सातशे मीटर उंच आहे. तेथे हा दाब मुळातच सुमारे ०.९३ बार असतो. लहान पंप त्यातलाही सगळा उपयोगात आणू शकत नाही. ०.८ बार मिळाला असे धरले, तर १२५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सुमारे १०० किलोचा भार पडतो. दाबयंत्रात ४ बार दाबाला हाच भार ५०० किलोपर्यंत जातो. दातांमधील खाचा व हिरडीची कड आवरणात स्पष्ट उमटते ती यामुळेच.

अर्थात प्रत्येकाने दाबयंत्रच घ्यावे असे नाही. दात उजळण्याचे ट्रे, मापाचे ट्रे, एकपदरी मऊ मुखरक्षक आणि अधूनमधून एखादा साधा रिटेनर एवढेच काम असेल, तर चांगले निर्वात यंत्र पुरते. दात सरकविणारे अलायनर, चावण्याच्या त्रासावरील जाड स्प्लिंट, खेळाडूंचे अनेक पदरी मुखरक्षक ही कामे नियमित येत असतील, तरच दाबयंत्राचा विचार करावा.

तो हिशेब कागदावर मांडावा. समजा, यंत्र व जोडसामान मिळून एक लाख रुपये लागले आणि ते पाच वर्षे चालले, तर व्याज सोडून दरमहा १,६६७ रुपये पडतात. चकती, प्लास्टर, वीज व मजुरी वजा जाता एका नगामागे १५० रुपये उरत असतील, तर महिन्याला बारा नग झाल्याशिवाय यंत्र आपली किंमत भरून काढत नाही. तेवढे काम नसेल, तर दोन-तीन प्रयोगशाळांनी मिळून एक यंत्र घेणे शहाणपणाचे. कर्जाची सोय आहे म्हणून यंत्र घेणे, हा उलटा हिशेब झाला.

कॉम्प्रेसरवर मात्र अनेकजण विनाकारण खर्च करतात. यंत्राची दाबपेटी जेमतेम लिटरभर हवेची असते. ५ बार दाबाला एका खेपेस पाच-सहा लिटर मोकळी हवा लागते. २५ लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत सुमारे ५० लिटर हवा देते. तेव्हा वाळूच्या फवाऱ्यासाठी घेतलेला कॉम्प्रेसर असेल, तर नवा घेण्याची गरज सहसा पडत नाही. हवेतील पाणी व तेल अडविणारी गाळणी मात्र हवीच, आणि टाकीतील पाणी रोज काढावे.

खरी अडचण विजेची आहे. तापकाची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १९० व्होल्ट झाले, की उष्णता सुमारे ६८ टक्के उरते. यंत्रावरील घड्याळ मात्र ठरलेल्या सेकंदांनी घंटा वाजवते, चकती अर्धवट मऊ राहते आणि आवरण सैल उतरते. दोष तंत्रज्ञाच्या हाताला लावला जातो. म्हणून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर किमतीत धरूनच यंत्राची तुलना करावी.

खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या नमुन्यावर विसंबू नये. दाटीवाटीचे दात असलेला आपला नमुना न्यावा, १ मिलिमीटरच्या चकतीचे आवरण समोर करून घ्यावे व ते कापून कडेची आणि दातांच्या टोकाची जाडी मापकाने मोजावी. दाब कमी-जास्त करता येतो का, आणि आत दाब असताना झाकण उघडत नाही ना, हेही पाहावे. पाचशे किलोचा भार धरणारी कडी ही शोभेची वस्तू नव्हे. चकत्या कोणत्याही व्यापाऱ्याकडील चालतात, की एकाच कंपनीच्या घ्याव्या लागतात, हे विचारून घ्यावे. तापक, रबरी कडे व झडप हैदराबाद किंवा सोलापुरात मिळत नसेल, तर स्वस्त यंत्रही महाग पडते. बीदर व कलबुर्गी या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत. तेथील प्रयोगशाळांत चालू यंत्र पाहण्याची विनंती करता येईल.

यंत्र आल्यावर पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. पीईटीजी जातीची चकती हवेतील ओलावा शोषते व तापताच तिच्यात बुडबुडे उठतात. पाकीट फोडले की उरलेल्या चकत्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. नमुनाही पूर्ण वाळलेला असावा, कारण ओल्या प्लास्टरची वाफ चकतीखाली अडकते.