डाला हवा की डिक्की? पिकअप आणि एसयूव्हीचा नागपुरी हिशेब

शोरूममध्ये जाण्याआधी घरीच एक प्रश्न सोडवा. महिन्यातले किती दिवस तुम्हाला डाला लागणार आहे? डाला म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग. काटोल-नरखेडला बाग आहे, बुटीबोरीत वर्कशॉप आहे, साइटवर जनरेटर, पाइप, सिमेंट न्यावं लागतं, असे दिवस महिन्याला आठ-दहा भरत असतील तर पुढे वाचा. दोनच भरत असतील तर त्या दोन दिवसांपुरता कळमन्यातून टेम्पो भाड्याने घ्या आणि एसयूव्ही निवडा. गाडी रुबाबदार दिसते म्हणून पिकअप घेणाऱ्यांसाठी हा हिशेब नाही. त्यांचा निर्णय आधीच झालेला असतो.

तुलना एकाच घरातल्या गाड्यांची करा, म्हणजे घोळ होत नाही. टोयोटाची हायलक्स आणि फॉर्च्युनर ही एक जोडी, इसुझूची व्ही-क्रॉस आणि एमयू-एक्स ही दुसरी. हायलक्स आणि डिझेल फॉर्च्युनरचं इंजिन एकच, २.८ लिटरचं. सांगाडाही एकाच कुळातला. म्हणजे फरक उरतो तो मागच्या भागाचा, बसण्याचा आणि करांचा.

किमतीपासून सुरुवात करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे आणि पिकअपवर १८. त्या बदलानंतर हायलक्सची एक्स-शोरूम किंमत २८.०२ लाखांपासून सुरू झाली, फॉर्च्युनरची ३३.६५ लाखांपासून. कंपन्या अधूनमधून भाव वाढवतात, तेव्हा आजचा आकडा लेखी घ्या. पण एक गोष्ट नीट बघा. हायलक्सच्या सगळ्या मॉडेलना फोर-व्हील ड्राइव्ह आहे. फॉर्च्युनरचा तो सुरुवातीचा भाव मात्र पेट्रोल, टू-व्हील ड्राइव्हचा. डिझेल आणि फोर-बाय-फोर मागितलं की भाव चाळीस लाखांच्या घरात जातो. म्हणजे खरा फरक साडेपाच लाखांचा नाही, त्याच्या दुपटीच्या आसपासचा आहे.

आता आरटीओ. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, वीस लाखांवरच्या खाजगी गाडीला एकरकमी कर पेट्रोलवर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के. हायलक्स डिझेलच आहे, म्हणजे २८.०२ लाखांवर साधारण ४ लाख २० हजार. पेट्रोल फॉर्च्युनरला १३ टक्क्यांनी ४ लाख ३७ हजार. किमतीत साडेपाच लाखांचं अंतर आणि करात जेमतेम सतरा हजारांचं! गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के होतो. हायलक्सवर तो ५ लाख ६० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार जास्त. सीए 'फर्मच्या नावावर घ्या' म्हणाला तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि मगच होकार द्या.

'पिकअपवर जीएसटी परत मिळतो' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. कायदा असा: माणसं नेणाऱ्या, तेरापर्यंत आसनांच्या गाडीवरचं क्रेडिट मिळत नाही, माल नेणाऱ्या गाडीवर मिळतं. डबल कॅब पिकअपला पाच सीट असतात आणि डालाही असतो. वाद तिथेच उभा राहतो. तेव्हा सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका. बुकिंगच्या आधी सीएचं मत लेखी घ्या.

दुसरा मोह पिवळ्या पाटीचा. हलक्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून ७ टक्के एकरकमी कर आहे. ऐकायला स्वस्त वाटतं. पण मालवाहू नोंदणी झाली की आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता वर्षाला १६,०४९ रुपये. खाजगी, १५०० सीसीवरच्या गाडीला तोच ७,८९७ रुपये, आणि नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम २४,५९६. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही आणि साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, एवढाच काय तो दिलासा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस कंपनी खाजगी, पांढऱ्या पाटीच्या नोंदणीसाठीच विकते. तरी 'आरसीवर वर्ग काय येणार' हे कोटेशनवर लिहून घ्या. टोलचा प्रश्न याच ओळीवर अडतो, तो पुढे सांगतो.

गेल्या वर्षी काटोलकडच्या एका बागायतदार मित्रासोबत मी शोरूममध्ये बसलो होतो. कोटेशनचा कागद समोर आला. एक्स-शोरूम, टॅक्स, विमा या तीन ओळी बरोबर. त्याखाली 'लॉजिस्टिक्स' १८ हजार, 'एसेन्शियल किट' २६ हजार, पेंटवरचं कोटिंग, आणि तळाशी 'इतर'. मित्राने पेन काढलं आणि 'इतर'वर टोक टेकवून विचारलं, ''हे काय आहे जी?'' समोरचा मुलगा हसला, म्हणाला, ''सर, ते सगळ्यांनाच लागतं.'' मित्र म्हणाला, ''मग सगळ्यांकडून घ्या, माझं खोडा.'' ते खोडलं. लॉजिस्टिक्सही खोडलं. किटमधल्या फक्त मॅट घेतल्या.

तुम्हीही तेच करा. सरकारी पैसे मोजकेच असतात: कर, खाजगी हलक्या गाडीची नोंदणी ६०० रुपये, स्मार्ट कार्ड २०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस कापतात, हायलक्सवर साधारण २८ हजार. तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त पॅन बरोबर द्या. हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो ही नावं कुठल्याही सरकारी पावतीवर नसतात. विमा शोरूमचाच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. बाहेरून दोन भाव आणा, घोषित किंमत आणि झिरो डेप सारखं ठेवून तुलना करा. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण तुमच्याकडे आधीच असेल तर ते पुन्हा विकत घेऊ नका. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. नुसता फोन हातात घेतला तरी काही ओळी आपोआप खोडल्या जातात.

कागदपत्रं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो. कर्जाला सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, शेतकरी असाल तर सातबारा आणि आठ-अ. नोंदणी शोरूममधूनच होते, तुम्हाला गिरीपेठला किंवा लाल गोदामाला खेटे घालावे लागत नाहीत. पत्ता शहरातला असेल तर एमएच-३१ किंवा पूर्व भागात एमएच-४९, ग्रामीण असेल तर एमएच-४०. कर तिन्हीकडे सारखाच. 'ग्रामीणमध्ये स्वस्त पडेल' असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

आता वजन, कारण फसगत सगळ्यात जास्त इथे होते. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस दिसायला दांडगी, पण खाजगी नोंदणीच्या पिकअपमध्ये पाच माणसं बसवल्यावर कायद्याने उरणारं वजन काही शे किलोच असतं. हिशेब सोपा आहे. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, मग बसणाऱ्यांचं. उरलेल्या आकड्याला वीस किलोच्या संत्र्याच्या क्रेटने भागा आणि किती क्रेट बसतात ते बघा. बाग उतरवायची असेल तर ही गाडी तुमची नाही. त्या कामाला महिंद्राची बोलेरो पिकअप १,७०० किलोपर्यंत नेते. माणसंही न्यायची असतील तर बोलेरो कॅम्पर दहा लाखांच्या आसपास येते. हायलक्सच्या पैशात कॅम्पर घेऊन वर घरासाठी एक बरी गाडी येईल. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पांढऱ्या पाटीवर भाड्याने माल नेला आणि अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारेल. आणि डाल्यात मजूर उभे करू नका, पाच किलोमीटरसाठीसुद्धा नाही.

टोलचं सांगायचं राहिलं होतं. मागे डाला दिसला की नाक्यावर हलक्या मालवाहू गाडीचा दर कापला जातो, ही पिकअपवाल्यांची जुनी तक्रार. समृद्धी महामार्गावर एप्रिल २०२५ च्या दराने संपूर्ण ७०१ किलोमीटरला कारला १,४४५ रुपये लागतात, हलक्या मालवाहूला २,३३५. एका फेरीत ८९० रुपयांचा फटका. म्हणून फास्टॅग घेताना वर्ग ४, म्हणजे कार-जीप-व्हॅन, असल्याचं तपासा आणि आरसीची प्रत डॅशबोर्डमध्ये ठेवा. जास्त कापले तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे, तोही राष्ट्रीय महामार्गांवर. समृद्धीवर तो चालत नाही.

घरी परतून टेप काढा. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, फॉर्च्युनरची ४,७९५. फरक पावणेदोन फुटांचा. फ्लॅटची नेहमीची पार्किंग पाच मीटर लांब असते, म्हणजे पिकअपचं नाक किंवा शेपूट फूटभर बाहेर राहणार आणि सोसायटीचे सेक्रेटरी रोज तुमची वाट बघणार. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत तर वळवताना घामच फुटेल. धंतोलीत दवाखान्यासमोर जागा शोधणं कारलाच जमत नाही.

टेस्ट ड्राइव्हला घरच्या वडीलधाऱ्या माणसाला मागे बसवा, स्वतः पुढे बसून निर्णय देऊ नका. हायलक्सला मागे पाट्यांची स्प्रिंग आहे. रिकामी असली की खड्ड्यात उडते, थोडं वजन टाकलं की शांत होते. मागची पाठही सरळ असते. फॉर्च्युनरमध्ये तिसरी रांग मिळते, पिकअपमध्ये पाचच जण. दिवाळीला रामटेकला सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर हे आधी मोजा.

डाला उघडाच येतो. जुलैच्या पावसात बॅगा भिजतात आणि सिग्नलवर सामान राखत बसावं लागतं, तेव्हा झाकण किंवा कॅनोपीचा खर्च गृहीतच धरा. ती कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतली असेल तर वॉरंटीची कटकट कमी. पुढे लोखंडी बुल बार लावू नका, डिसेंबर २०१७ पासून त्यांना बंदी आहे.

डिझेल: वर्षाला १५,००० किलोमीटर, लिटरला ११, भाव ९० रुपये धरला तर साधारण १ लाख २३ हजार. दोन्ही गाड्यांत फार फरक पडत नाही. पडतो तो विकताना. फॉर्च्युनरला गिऱ्हाईक दारात येतं, पिकअपला शोधावं लागतं. म्हणून पिकअप घ्यायची तर दहा वर्षं वापरायच्या तयारीनेच घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी गोडाऊनमध्ये जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा. चासी नंबर लिहून घ्या, उत्पादनाचा महिना विचारा, टायरवरचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), डाल्याच्या कोपऱ्यांत गंज आहे का ते बोट फिरवून पाहा. तोच चासी नंबर बिलावर आला की मगच पैसे वळते करा.