पिशवी आतून तपासून घ्या

दापोडीत लोकल होतीच, २०२३ पासून मेट्रोही थांबते. जाता-येता विणणाऱ्या आम्हा बायकांच्या खांद्याला विणकामाची पिशवी असतेच. ती ठिगळांची असेल तर कौतुक बाहेरून होतं, पण लोकरीचं नुकसान होतं आतून.

ब्लाउज शिवून उरलेल्या गुळेदगुड्ड खणांच्या तुकड्यांची पिशवी मी शिवून घेतली होती. फार देखणी होती. एका जुलैत हॅरिस पुलावर पावसानं गाठलं. आत नातीचा मोतिया रंगाचा स्वेटर होता. लाल खणाचा रंग अस्तरातून उतरून पाठीच्या भागावर पसरला. पिशवी उघडताना चेनच्या दात्यांत धागा अडकला आणि सुईवरचे टाके निसटले. लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून घट्ट होते, त्यामुळे डागावर फारसं काही करता येईना. पाठ पूर्ण उसवली.

म्हणून सांगते, कापण्याआधी प्रत्येक तुकडा धुवा. मग त्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा कितीही आवडता असो, बाजूला काढा. मीठ किंवा व्हिनेगरनं रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. धुतल्याचा दुसरा फायदा म्हणजे सुती कापड आधीच आटतं, नंतर शिवणीला चुण्या पडत नाहीत.

खणाच्या कडांचे धागे सुटतात. पाव इंच माया ठेवा आणि सगळ्या शिवणी अस्तराखाली झाका. गोधडीसारखा धावदोरा घालायचा असेल तर अस्तर लावण्याआधी घाला, नाहीतर आतल्या टाक्यांत लोकर गुंतते. अस्तर गुळगुळीत, फिक्या रंगाचं घ्या. तळाशी पडलेली सुई लगेच दिसते. सुयांची टोकं तळातून बाहेर येतात, म्हणून तिथे कॅनव्हासचा थर द्या आणि मशीनला १६ नंबरची सुई लावा. १४ इंची सुया वापरत असाल तर पिशवीची उंची निदान १६ इंच हवी. तोंडाला चेन किंवा वेल्क्रो नको. नाडी ओवा, नाहीतर मोठं बटण आणि कापडी फासा करा.

शिवून झाल्यावर हातात जुना नायलॉनचा मोजा घाला आणि पिशवीच्या आत कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवा. जिथे मोजा अडकेल, तिथेच उद्या लोकर अडकणार. ती जागा आधी नीट शिवा, मगच विणकाम आत ठेवा.